भुलीनंतरचा काळा दोरा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख आदरणीय प्रेमचंदजी, धुळ्याहून मुद्दाम वेळ काढून आलेले भूलतज्ज्ञ संघटनेचे पदाधिकारी, व्यासपीठावरचे मान्यवर, समोर बसलेला परिचारिका वर्ग, थिएटरमधले आणि वॉर्डातले माझे सगळे सहकारी, गावोगावहून आलेल्या माता-भगिनी आणि बंधूंनो, आणि या साऱ्यांच्या मधोमध, कुठं पाहावं हे न कळल्यामुळे मघापासून हारातली फुलं चाचपत बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती डॉ. लाडकुंवर ओसवाल, म्हणजे आपल्या अक्का,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख कुशल शल्यचिकित्सक अशी करून दिली. त्यांचे आभार. पण सर्जन कुशल आहे की नाही हे दिसण्यासाठी आधी समोरचा माणूस निपचित पडून राहावा लागतो. ती व्यवस्था इतकी वर्षं अक्कांनी केली. हार मात्र माझ्या गळ्यात पडत आले. पेशंटचे नातेवाईक पेढे घेऊन येतात ते माझ्या खोलीत येतात. अक्कांना पेढा मिळाला तर तो माझ्या डब्यातला. भूल देणाऱ्याला कोणी लक्षात ठेवत नाही, कारण त्याला लक्षात ठेवायचं त्या वेळी माणूस शुद्धीवरच नसतो.

अक्का निवृत्त होत आहेत म्हणून आज मला त्यांचे गुण सांगायला उभं केलं आहे. पण गुणांची यादी अक्कांना आवडायची नाही आणि मलाही ती जमायची नाही. माझा स्वभाव आपण सगळे जाणता. तेव्हा मी एकच गोष्ट सांगतो.

गेल्या वर्षी मुंबईहून एक पाहुणे डॉक्टर आपल्या जळगावच्या रुग्णालयात आले होते. लहान मुलांची ऑपरेशनं आपण सकाळी करतो आणि मुलाला त्याच संध्याकाळी घरी पाठवतो, याचं त्यांना कौतुक होतं. पण टाके काढायच्या दिवशी ते व्हरांड्यात उभे असताना आपल्या सुनंदाबाई सिस्टर एकेका आईला विचारत होत्या, "उलटी झाली का? ताप आला का? जेवला का?" आणि चौथा प्रश्न, "दृष्ट काढली का?" पाहुण्यांचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "रतिलालजी, तुमच्यासारख्या माणसाच्या रुग्णालयात ही अंधश्रद्धा?" मी त्यांना चहा पाजला. खुलासा केला नाही. कारण तो खुलासा म्हणजे अक्कांचं चरित्र आहे, ते चहाच्या कपाएवढं लहान नाही. आज इथं करतो.

मंडळी, पंच्याऐंशीच्या आसपासचे ते दिवस आठवा. हर्नियाची, वृषण खाली न उतरल्याची, छोट्यामोठ्या गाठींची मुलं येत होती. खाटा अपुऱ्या. बाळंतिणी जमिनीवर गाद्या टाकून निजत. त्यात कापसाच्या वेचणीच्या दिवसांत आई आठ दिवस दवाखान्यात बसली तर घरी दुसऱ्या पोरांना कोण पाहणार? म्हणून आपण ठरवलं, मुलाला सकाळी आणा, संध्याकाळच्या गाडीनं घेऊन जा.

ठरवणं सोपं होतं. पण संध्याकाळच्या गाडीत बसवायचं तर मूल धड जागं हवं. मग भूल कशाची द्यायची? त्या वेळी आमच्यापुढे तीन औषधं होती. पहिलं इथर. जुनं, भरवशाचं, गरीब स्वभावाचं. पण वास असा की मूल गाडीत चढलं की कंडक्टर आधी खिडक्या उघडायचा, आणि उलट्या अमळनेर येईपर्यंत चालायच्या. दुसरं हॅलोथेन. वास गोडसर, मूल लवकर झोपतं, लवकर उठतं. पण त्याला भुलीचं यंत्र हवं, आणि नाडीवर सतत कुणाचं तरी बोट हवं, कारण ते हृदयाला मंद करतं. तिसरं केटामिन. मांडीत एक सुई टोचली की काम झालं. यंत्र नको, मुखवटा नको. मूल आपला श्वास आपण घेतं, डोळेसुद्धा उघडे ठेवतं, आणि दुखलेलं त्याला कळत नाही.

मी सर्जन. मला काय आवडणार? केटामिनवर माझा जीव जडला. अक्कांना मी म्हणालो, तुम्ही काय तुलना करत बसता, सुई टोचा आणि मला काम करू द्या. पण अक्का मारवाड्याच्या घरातल्या. त्यांच्याकडे माल पारखल्याशिवाय घेत नाहीत. त्यांनी सुनंदाबाईंना कापसाच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकायला लावल्या. मुलाच्या नावानं चिठ्ठी निघेल ते औषध. आणि टाके काढायला मूल परत आलं की आईला तेच तीन प्रश्न, शेवटी "आणखी काही त्रास?"

असं दोनेक वर्षं चाललं. आणि निकाल काय लागला असेल? केटामिन पहिल्या नंबरानं पास! उलट्या जवळपास नाहीत, ताप नाही, जेवण लगेच. आणि "आणखी काही त्रास?" याला सगळ्या आयांचं एकच उत्तर, "काही नही."

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. प्रेमचंदजींनी लगेच तालुक्यांना शिबिरं जाहीर केली. जामनेर, अमळनेर, दोंडाईचा. यंत्र न्यायचं नाही, सिलिंडर न्यायचे नाहीत, सुया आणि बाटल्या घेऊन जीपमध्ये बसायचं. अक्कांचा निबंध धुळ्याच्या परिषदेत वाचायचा ठरला. धुळेकरांनी तो छापायलाही घेतला.

आता, इथं माझ्या एका नियमाबद्दल सांगणं भाग आहे. माझ्या थिएटरमध्ये गळ्यातला दोरा, ताईत, कमरेचा करदोडा चालत नाही. काहीही असो, दाराशी कापायचं. पुष्कळ आज्यांनी मला त्यापायी शाप दिले आहेत. ते मी आजवर पचवले आणि पुढंही पचवीन, कारण दोऱ्यात मळ असतो आणि मळात जंतू असतात. तर प्रत्येक मूल माझ्या टेबलावर बिनदोऱ्याचं येत असे.

रुग्णालयात चिठ्ठ्या मात्र अजून चालूच होत्या. एका शनिवारी टाके काढायला आलेली मुलं व्हरांड्यातल्या बाकावर ओळीनं बसली होती. अक्का चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. आणि एकदम म्हणाल्या, "रतिलालभाऊ, यांच्या गळ्यात काळे दोरे आहेत."

मी म्हणालो, "पुन्हा बांधले असतील. सांगून ऐकतात थोडेच?"

"सगळ्यांनी नाही बांधले," अक्का म्हणाल्या. "तो इथरचा, त्याच्या गळ्यात नाही. ती मुलगी हॅलोथेनची, तिच्या नाही. ही चारही केटामिनची पोरं. चौघांच्या गळ्यात आहेत. नवे कोरे दोरे आहेत, भाऊ."

मी हसलो. सर्जन म्हणून हसण्याचा माझा हक्क होता. पण पुढचे दोन शनिवार अक्का व्हरांड्यात उभ्या राहिल्या. जे दिसलं ते तेच. एखाददुसरा अपवाद सोडला तर दोरा केटामिनच्याच पोरांच्या गळ्यात.

तिसऱ्या शनिवारी बाकाच्या टोकाला अमळनेरजवळच्या एका खेड्यातली बेबाबाई बसली होती, मांडीवर चार वर्षांचा मुलगा, झुलाल. त्याचा उजव्या बाजूचा हर्निया मी केला होता. गळ्यात काळा दोरा, दंडाला दुसरा. सुनंदाबाईंनी प्रश्न विचारले. "काही नही," बेबाबाई म्हणाली. अक्का तिच्या शेजारी बाकावर बसल्या. डॉक्टरीणबाई शेजारी बसली म्हणून ती बिचारी अंग चोरून घ्यायला लागली. अक्का अमळनेरातच वाढलेल्या, तिच्याशी तिच्याच बोलीत बोलल्या. विचारलं, हा दोरा कधी बांधला? कोणी बांधला? कशासाठी?

मी यावलकडचा. आमची बोली निराळी. अहिराणी मला कानानं येते, जिभेनं नाही, तेव्हा अमळनेरकरांनी सांभाळून घ्यावं. बेबाबाई म्हणाली ते असं होतं: "अक्का, ते तुमनं काम नही शे. ते बाहेरनं शे."

बाहेरचं म्हणजे काय, हे सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको. मग ती हळूहळू बोलती झाली. "रातले उठस, चिल्लास, आंग ताठ करस. मी जोडे जास ते माले वळखस नही." रात्री मूल किंचाळत उठतं, आई जवळ गेली की तिलाच भिऊन मागं सरकतं. तीन रात्री दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या जाळल्या, मग भगताकडून दोरा आणला.

"मग हे सिस्टरांना का नाही सांगितलं?"

ती गोंधळली. म्हणाली, दवाखान्यात दवाखान्याचं सांगायचं. जखमेचं विचारलं, जखमेचं सांगितलं. पोराला बाहेरचं लागलं त्याला डॉक्टर काय करणार? उलट तुम्ही रागावाल.

मंडळी, आम्ही दोन वर्षं आयांना प्रश्न विचारत होतो आणि त्या खरी उत्तरं देत होत्या. कुणी खोटं बोललं नव्हतं. फक्त आमच्या दाराशी काय आणायचं आणि भगताच्या दाराशी काय न्यायचं, याची वाटणी त्यांनी आमच्या आधीच करून ठेवली होती. केटामिनमुळं मुलांना भयंकर स्वप्नं पडू शकतात, हे पुस्तकात लिहिलं होतं. अक्कांनी ते वाचलं होतं, मीही वाचलं होतं. पण आमच्याकडची एकही आई तक्रार करत नव्हती, म्हणून आम्हाला वाटलं, खानदेशच्या पोरांना स्वप्नं पडत नसावीत.

एवढ्यावर थांबलं असतं तर निबंधात दोन ओळी बदलून भागलं असतं. पण त्याच वेळी झुलाल टाके काढताना रडायला लागला, आणि रडताना त्याच्या डाव्या जांघेत फुगवटा आला. दुसऱ्या बाजूलाही हर्निया होता. तो मी दाबून आत सारला, पण मनात म्हटलं, हा अडकणारा आहे. असा हर्निया अडकला आणि आतडं काळं पडलं तर चार वर्षांचं मूल आम्ही गमावतो. लवकर ऑपरेशन करायला हवं होतं. मी बेबाबाईला तसं सांगितलं.

ती रडायला लागली. तिच्या सासूनं ऑपरेशनला आधीच विरोध केला होता. ऑपरेशनचा दिवस अमावस्येचा निघाला, आमच्याच यादीनं दिलेला. तरी ही घेऊन आली. मग रात्री मूल किंचाळायला लागलं तसा सगळा दोष हिच्यावर आला. "सासू त्याले मनाजोडे जपू देस नही," ती म्हणाली. जपणं म्हणजे झोपणं. म्हणजे पोराला रात्री आईजवळ निजू देत नव्हते. आई अवसेला घेऊन गेली, तिच्याच पायानं ते घरात आलं, असं घरच्यांचं म्हणणं. आता दुसऱ्या ऑपरेशनचं नाव काढलं असतं तर तिला माहेरीच धाडलं असतं.

अक्का म्हणाल्या, "मी येते तुमच्या घरी."

त्या दुसऱ्या दिवशी एसटीनं निघाल्या होत्या. मी माझी गाडी काढली. सद्भावनेनं नव्हे हो. मला भीती होती की या बाई तिथं जाऊन खरं सांगतील. वाटेत मी त्यांना परोपरीनं समजावलं. म्हणालो, अक्का, सांगा की अमावस्येचं काही नसतं, सांगा की हळूहळू जाईल. पण आमच्या सुईनं झालं असं म्हणू नका. उद्या त्या पट्ट्यातून एक मूल येणार नाही. दहा मुलांचे हर्निये घरात अडकतील, त्यांचं पाप कुणाच्या माथी? माझं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. अक्का एवढंच म्हणाल्या, "भाऊ, त्या दहांचं आपण नंतर बघू. एक मूल आत्ता आईवाचून झोपतंय."

घराच्या ओट्यावर सासू बसली होती. धुरपदाबाई. समोर वेचणीच्या कापसाचा ढीग, ती त्यातला पालापाचोळा निवडत होती. झुलाल तिच्या पाठीशी लपलेला. झुलालचे वडील पितांबर यांनी आम्हाला बाज टाकून दिली, आणि बेबाबाई चुलीपाशी उभी राहिली. धुरपदाबाईनं आम्हाला पाणी विचारलं, रीत सोडली नाही, पण मान वर केली नाही. म्हणाली, "आवसले लई गयी हाई त्याले. मी सांगेल व्हतं."

अक्का बाजेवर बसल्या नाहीत. ओट्यावर खाली बसल्या, कापसाच्या ढिगाच्या अलीकडे. म्हणाल्या, आजी, अमावस्येनं काही झालं नाही, सुनेच्या पायानं काही आलं नाही. मी त्याच्या मांडीत जी सुई टोचली ना, तिच्यानं पोराला वाईट स्वप्नं पडली. औषध माझं होतं. हात माझा होता.

मी डोळे मिटून घेतले. ओट्यापुढे आता चार शेजारणी जमल्या होत्या.

धुरपदाबाईचे हात थांबले. तिनं पहिल्यांदा अक्कांकडे नीट पाहिलं. विचारलं, मग दुसरं ऑपरेशनही त्याच सुईनं करणार का? अक्कांनी सांगितलं, नाही, दुसरं औषध आहे, वाऱ्यासारखं नाकावाटे जातं. त्यात दुसरी जोखीम आहे, पण ती माझ्या डोळ्यांसमोर असते, त्याची नाडी मी हातातून सोडत नाही. ही भीती त्यात सहसा येत नाही.

"आनि दुसरा औसदनी बी तसंच व्हयनं ते?" म्हातारी म्हणाली.

त्यावर अक्का जे म्हणाल्या ते मी शब्दशः सांगतो, कारण ते माझ्या कानात आजही आहे. "ते मनं नाव ल्या, आजी. बठ्ठा गावमा ल्या. पन सूननं नाव लेवू नका."

बठ्ठा गावमा, म्हणजे सगळ्या गावात. धुरपदाबाईनं ते अगदी मनावर घेतलं! दुसऱ्या औषधाची वाट न पाहता तिनं त्याच दिवसापासून अक्कांचं नाव गावभर घेतलं. गावाबाहेरही घेतलं. भूलवाली बाई पोरांना बिघडवते, अशी आवई अमळनेरपर्यंत गेली. पुढचे कित्येक आठवडे त्या बाजूचं एक मूल आमच्याकडे आलं नाही. मी रोज सकाळी रिकामी यादी अक्कांच्या टेबलावर ठेवत असे आणि काही बोलत नसे. न बोलण्यात मी किती बोलू शकतो हे थिएटरच्या मंडळींना माहीत आहे. पण त्याच आठवड्यांत सुनंदाबाई त्या बाजूला कामासाठी गेल्या तेव्हा एक गोष्ट पाहून आल्या. बेबाबाईवरचा बोल थांबला होता. सासूला आता दुसरीकडे बोट दाखवायला जागा मिळाली होती.

दरम्यान धुळ्याची परिषद आली. आजच्या पाहुण्यांपैकी काहीजण त्या दिवशी तिथल्या सभागृहात होते. छापलेल्या निबंधात लिहिलं होतं, केटामिन सर्वोत्तम. अक्का उठल्या आणि म्हणाल्या, कृपया हा निष्कर्ष खोडा, आम्ही आयांना चुकीचा प्रश्न विचारला. मग त्यांनी काळ्या दोऱ्याची हकिगत सांगितली. एक वयोवृद्ध प्राध्यापक उठून म्हणाले, "बाई, गळ्यातला दोरा हे काय शास्त्रीय मोजमाप झालं?" अक्का म्हणाल्या, "सर, मी आईला विचारलं तर दवाखान्यात सांगण्यासारखं तेवढंच ती सांगते. दोरा ती मला दाखवायला बांधत नाही."

इथं एक सांगायलाच हवं. अक्कांनी केटामिनला कधी वाळीत टाकलं नाही. भाजलेलं मूल, अपघातात सापडलेला मजूर, जिथं यंत्र पोचत नाही तिथं त्याच सुईनं त्यांनी किती जीव वाचवले ते मी पाहिलं आहे. जोडीला झोपेचं औषध देऊन पाहिलं. त्यानं स्वप्नं कमी झाली, पण मूल संध्याकाळच्या गाडीला जागंच होईना. अक्का म्हणायच्या, औषध वाईट नसतं, भाऊ, कामाची नेमणूक चुकते. लहान मूल, छोटं ऑपरेशन आणि रात्री आपल्याच घरी निजायचं, या कामावर त्यांनी हॅलोथेन नेमलं. आणि शिबिरांना यंत्र नेल्याशिवाय मी येणार नाही असं प्रेमचंदजींना सांगितलं. अध्यक्ष महाशय, तेव्हा आपण किती रागावला होतात! पण जीपला मागून लोखंडी खण आपणच बसवून घेतलात. यंत्र दोंडाईच्यापर्यंत गेलं आणि धडधाकट परत आलं.

आणि मग एके दिवशी सकाळी दारात धुरपदाबाई. कडेवर झुलाल, मागे बेबाबाई. आदल्या दिवशी फुगवटा आत जाईना, पितांबरनं अमळनेरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी कसाबसा सारला आणि सांगितलं, जळगावला जा, आता थांबू नका. म्हातारीचा दुसरा इलाज संपला होता. पण ती तशी शरण आलेली नव्हती. अक्कांसमोर उभी राहून म्हणाली, झोपवताना मी त्याला मांडीवर घेऊन बसणार. आणि दोरा काढायचा नाही.

मी म्हणालो, हे होणार नाही. माझ्या थिएटरमध्ये तर नाहीच.

अक्का म्हणाल्या, "भाऊ, थिएटर तुमचं. बाहेरची खोली माझी."

तर त्या बाहेरच्या खोलीत, स्टुलावर धुरपदाबाई, तिच्या मांडीवर झुलाल, आणि जमिनीवर गुडघे टेकून बसलेल्या अक्का. मुखवटा पाहून मूल दचकलं असतं, म्हणून त्यांनी नळी एका हाताच्या खोलगट तळव्यात धरली आणि तळवा त्याच्या नाकाशी नेला. दुसऱ्या हाताचं बोट मनगटावर. त्याच्या आजीला म्हणाल्या, याच्याशी बोला. म्हातारी बोलू लागली, गोठ्यातल्या नव्या वासराचं काहीतरी. वासराचं नाव काय ठेवायचं, असं ती विचारत असतानाच झुलालची मान तिच्या दंडावर पडली. तिनं घाबरून अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी तिचा हात धरून झुलालच्या छातीवर ठेवला. छाती खालीवर होत होती. "दखा, आजी," त्या म्हणाल्या. "हाऊ जपेल शे."

दोरा म्हातारीनं स्वतः सोडला. कापू दिला नाही, गाठ सोडून पदराला बांधला.

ऑपरेशन मी केलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, नीट झालं. झुलाल जागा झाला तो बाहेरच्या खाटेवर. त्यानं डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि "माय" म्हणाला. बेबाबाई भिंतीशी उभी होती. पुढं यायची तिची हिंमत होईना. सासूनं मागं वळून पाहिलं, आणि तिनं आपण होऊन स्टूल सोडलं. संध्याकाळच्या गाडीनं तिघं घरी गेली.

टाके काढायच्या शनिवारी अक्का व्हरांड्यात लवकर येऊन उभ्या राहिल्या. झुलाल आला. गळा रिकामा. दंड रिकामा. सुनंदाबाईंनी तीन प्रश्न विचारले. मग अक्कांनी स्वतः चौथा विचारला, आमच्या रुग्णालयात पहिल्यांदाच, "आजी, दृष्ट काढली का?"

धुरपदाबाई म्हणाली, "कसाले? रातभर मायजोडे जपना तो."

मंडळी, तेव्हापासून तो प्रश्न आमच्याकडे आहे. जी आई "काही त्रास नाही" म्हणते, तीच आई दृष्ट काढल्याचं न लाजता सांगते. मग आम्हाला कळतं की रात्र कशी गेली. मुंबईच्या पाहुण्यांना कुणी भेटलं तर त्यांना हा खुलासा माझ्या वतीनं कळवावा.

अक्का, तुमच्या नंतर तुमच्या खुर्चीवर नवे डॉक्टर बसतील. नवी औषधं येत आहेत, हॅलोथेनही एक दिवस इथरसारखं जुनं होईल. होऊ द्या. पण त्या नव्या औषधाची पारख कशी करायची, हे तुम्ही आम्हाला शिकवून चालला आहात. मूल किती लवकर झोपलं हे घड्याळ सांगतं. ते रात्री कुणाजवळ आणि कसं झोपलं, हे घरी जाऊन विचारावं लागतं. तुम्ही चाललात याचं मला फार वाईट वाटतं आहे. हे मी तुम्हाला खोलीत कधी सांगू शकलो नसतो, म्हणून माइकवर सांगून टाकतो.

आता आभार. संयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. सर्जनची जीभ आहे, बोलताना कुठं गरजेपेक्षा खोल कापलं गेलं असेल तर अध्यक्षांनी आणि आपण सर्वांनी उदार मनानं टाका घालून घ्यावा.

आणि जाता जाता एक विनंती. कार्यक्रमपत्रिकेत यानंतर शाल आणि श्रीफळ आहे. त्याआधी मला थोडा वेळ हवा आहे. तिसऱ्या रांगेत धुरपदाबाई बसल्या आहेत. आता त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नाही. सून त्यांचा हात धरून आली आहे, आणि शेजारचा तो उंच मुलगा, अमळनेरच्या कॉलेजात जाणारा, तो झुलाल. सकाळी म्हातारी माझ्या खोलीत आली. पदराच्या गाठीत मीठ आणि मोहऱ्या. मला म्हणाली, "त्या टाईमले मी गावभर हिनं नाव लिधं. बठ्ठी मनी नजर हिले लागेल शे. ती काढानी शे माले."

शेगडी मी विंगेत पेटवून ठेवली आहे. बेबाबाई, आजींना जपून वर आणा. अक्का, आज नाडी कुणाची धरायची नाही. तुम्ही फक्त डोळे मिटून बसा.